कोकणातून आलेल्या गाडीच्या मॅट्स घरी कशा धुवायच्या?

वरचा_मजला | शनिवार, सकाळी ८:१२

नमस्कार मंडळी. गणपतीला गावी (संगमेश्वरपासून आत नऊ किलोमीटर) जाऊन परवा रात्री डोंबिवलीला परत आलो. पाच दिवस पाऊस उघडला नाही. घराकडचा शेवटचा तुकडा कच्चा, त्यामुळे जो गाडीतून उतरला तो चिखलात आणि जो चढला तो चिखलासकट. पाच माणसं, ओले रेनकोट, दोन छत्र्या, काकूने दिलेले नारळ, आमसुलं, कुळथाची पिशवी आणि आगळाची एक बाटली. तिचं झाकण वडखळपर्यंतच टिकलं.

मॅट्स कापडी आहेत, केसाळ, फिकट राखाडी रंगाच्या. म्हणजे होत्या. आता विटेच्या रंगाच्या आहेत. काल रात्री बाथरूममध्ये नळाखाली धरून ब्रशने घासल्या. लाल पाणी येतच राहिलं, शेवटी मीच थकलो. शिवाय गाडीत ओल्या पोत्यासारखा वास येतोय.

अडचणी: चौथा मजला, सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी, दसऱ्याला गाडीची पूजा करायची आहे. वॉशिंग सेंटरवाल्याने नुसत्या मॅट्सचे ६०० सांगितले. त्यात थोडी भर घातली तर नव्या येतील, पण मुद्दा तो नाही. (मुद्दा तोच आहे.) घरच्या घरी काय करता येईल?

जुनी_मारुती | शनिवार, सकाळी ८:३०

रबरी मॅट घ्या. पाणी मारा, झटका, टाका. विषय संपला.

वरचा_मजला | शनिवार, सकाळी ८:३४

काका, त्या घेईनच, पण आहेत त्यांचं काय करू?

धोपटणे | शनिवार, सकाळी ९:४०

पहिली चूक तुम्ही करून बसला आहात, पण निस्तरता येईल. चिखल ओला असताना त्यावर पाणी ओतून ब्रश मारला की वरची माती जाते आणि बारीक माती धाग्यांच्या बुडाशी जाऊन बसते. म्हणून लाल पाणी संपत नाही. चिखल आधी वाळवायचा असतो. आमच्या आईचा साडीच्या काठाला लागलेल्या चिखलासाठी हाच नियम होता, गाडी आमच्याकडे फार नंतर आली.

तर आता सगळ्या मॅट्स पंख्याखाली कडक वाळू द्या. या हवेत दोन रात्री लागतील. मग गच्चीत नेऊन कठड्यावर उलट्या टाका, केसाळ बाजू खाली, आणि पाठीवर धोपटण्याने मारा. धोपटणं नसेल तर बॅडमिंटनची जुनी रॅकेटही चालते. समोरून मारू नका, माती आत जाते. पाठीवर मारलं की खाली पडते. पहिल्या दहा-बारा फटक्यांत इतकी माती निघेल की तुळशीची कुंडी भरेल. वाऱ्याची दिशा बघून उभे राहा. मी एकदा बघितली नव्हती.

त्यानंतर कोरडा ब्रश. कपड्यांचा प्लास्टिकचा चालतो, तारेचा अजिबात नको, धागे तुटतात. एकाच दिशेने न घासता आडवा, उभा, तिरका फिरवा आणि परत एकदा धोपटा. घरी व्हॅक्यूम असेल तर उत्तम. इथवर पाण्याचा थेंब लागलेला नाही आणि खरं तर बरंचसं काम झालेलं असतं.

आता ओलं काम. अर्धी बादली कोमट पाणी, त्यात एक मोठा चमचा साबणपूड किंवा भांड्यांचं लिक्विड. जास्त नको, साबण मॅटमध्ये राहिला की ती चिकट होते आणि पुढच्या खेपेला धूळ धरून ठेवते. मॅट बादलीत बुडवायची नाही. ब्रश बुडवायचा, झटकायचा आणि हातभर जागा घासायची. फेस काळपट-लाल झाला की ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा, मगच पुढची जागा. पाचही मॅट्स झाल्यावर स्वच्छ पाण्याने हीच फेरी पुन्हा. पिळलेल्या फडक्याचं पाणी आधी चहासारखं येतं, मग पातळ चहासारखं. ताकाच्या निवळीसारखं आलं की थांबायचं.

दोन बादल्यांत पाच मॅट्स होतात. पाइप लागत नाही.

वरचा_मजला | शनिवार, सकाळी १०:०५

दंडवत घ्या. वाचनखूण साठवली आहे. बाथरूमची जाळी कालच तुंबली, तीही हाताने साफ केली. आता कळलं माती कुठे गेली ते.

कुंडीतली_जास्वंद | शनिवार, सकाळी १०:२०

जाळीवर जुना पायमोजा ताणून बसवा. पाणी जातं, माती अडकते. नाहीतर खालच्या मजल्यावरचे लोक तुम्हाला दसऱ्याचं सोनं द्यायला येणार नाहीत.

लिंबूटिंबू | शनिवार, सकाळी ११:१५

एवढं धोपटायची गरजच नाही. खायचा सोडा पसरायचा, त्यावर व्हिनेगर ओतायचं, मस्त फसफसतं आणि सगळी घाण वर येते. व्हिडिओ बघितलाय मी.

रसायनशाळा | शनिवार, दुपारी १२:०२

@लिंबूटिंबू, हलके घ्या, पण तो फेस बघायला छान असतो एवढंच. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं भेटले की एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मॅटवर उरतं सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. सोडाही गेला, व्हिनेगरही गेलं. दोन्ही कामाची आहेत, पण वेगवेगळ्या वेळी.

सोडा वासासाठी. कोरड्या मॅटवर भुरभुरवा, रात्रभर ठेवा, सकाळी झटका. व्हिनेगर (बाजारातलं साधं पांढरं, पाण्यात निम्मं-निम्मं) खाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या डागांसाठी आणि माशांच्या वासासाठी.

आता लाल मातीबद्दल. कोकणच्या जांभ्याच्या मातीचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा आहे, म्हणजे सोप्या शब्दांत गंज. साबणाने माती निघते, पण फिकट कापडावर गुलाबीसर झाक राहते ती या गंजाची. त्यावर ब्लीच ओतणारे महाभाग असतात. ब्लीच ऑक्सिडीकरण करतं आणि लोह आधीच गंजलेलं आहे, त्याचं ते आणखी काय करणार? उलट मॅटचाच रंग उडतो. इथे आम्ल लागतं. लिंबाचा रस आणि मीठ डागावर चोळून अर्धा तास ठेवा आणि भरपूर पाण्याने काढा. किंवा किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, एक चमचा पेलाभर कोमट पाण्यात. आधी मॅटच्या कोपऱ्यावर करून बघा. पूर्ण जाईल असं सांगत नाही, निम्म्याहून फिकं होईल.

आणि सर्वांत महत्त्वाचं: ब्लीच आणि व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा संडास साफ करायचं ॲसिड हे कधीही एकत्र करायचं नाही. क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तर मुळीच नाही.

आगळवेगळा | शनिवार, दुपारी १२:४५

आमच्या मातीला गंज म्हणालात! नोंद घेतली आहे. पुढच्या वर्षी हापूसची पेटी मागायला या.

बाकी धागाकर्त्याला: आगळाच्या डागाचं काय झालं? त्याला साबण लावला असेल तर डाग निळा-काळा झाला असणार.

वरचा_मजला | शनिवार, दुपारी १:१०

कसं ओळखलंत? मागच्या सीटखालच्या मॅटवर शाई सांडल्यासारखं दिसतंय. बायकोला वाटलं पेन फुटलं.

रसायनशाळा | शनिवार, दुपारी १:३०

कोकमाचा रंग आम्लात लाल आणि साबणात निळसर होतो. हळदीचंही तसंच, रश्शाच्या डागाला साबण लावला की लाल होतो. घाबरायचं नाही. निळ्या डागावर व्हिनेगरचं पाणी टिपा, लाल होईल, मग साध्या थंड पाण्याने टिपत राहा. हळद असेल तर धुऊन उन्हात टाका, बाकीचं काम ऊनच करतं.

आगळाची खरी कटकट रंगाची नाही, मिठाची आहे. आगळात मीठ भरपूर असतं आणि मीठ हवेतली ओल ओढतं. ती जागा नीट धुतली नाही तर बाकी मॅट वाळली तरी तेवढा गोल ओलसर राहील. तिथे साधं पाणी तीन-चार वेळा ओता आणि टिपा.

टोरांटोची_चकली | शनिवार, संध्याकाळी ७:२०

मिठाचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते बुटांबरोबर गाडीत येतं. मार्चपर्यंत मॅटवर पांढरे नकाशे तयार होतात. पहिल्या वर्षी मी साबणाने घासत बसले होते. वाळलं की नकाशा परत हजर! मग शेजारच्या आजोबांनी सांगितलं: गरम पाणी आणि व्हिनेगर निम्मं-निम्मं, फवारायचं, पाच मिनिटं थांबायचं, जाड टॉवेल दाबून धरायचा. घासायचं नाही, दाबायचं. टॉवेल मीठ ओढून घेतो. दोन-तीनदा करावं लागतं.

आता हिवाळ्यापुरत्या खोल कडांच्या रबरी मॅट्स टाकते. आठवड्याने उचलते तेव्हा त्यात चक्क तळं असतं.

माशांचा_बाजार | शनिवार, रात्री ८:०५

मडगावहून. आमच्या मॅट्सचे शत्रू दोन, रेव आणि बांगड्याचं पाणी.

समुद्रावरची रेव ओली असताना हात लावू नका. दुसऱ्या दिवशी आपसूक सुटते, झटकली की झालं. ओली पुसलात तर महिनाभर दातात आल्यासारखी पायाखाली करकरते.

बांगड्याचं पाणी मॅटवर सांडलं तर मात्र थांबायचं नाही, त्याच मिनिटाला थंड पाणी. गरम पाण्याने वास पक्का बसतो. मग लिंबू किंवा व्हिनेगर. ताटात माशावर लिंबू पिळतो ते उगाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी उन्हात उभी राहिली आणि कुठेतरी थेंब राहिलेला असला तर मांजरंच सांगतात. माझ्या गाडीखाली तीन बसली होती.

सातबारा | शनिवार, रात्री ९:३०

तुमची लाल माती बरी म्हणायची. आमच्या यवतमाळच्या काळ्या मातीत उतरून बघा. बुटाला अशी चिकटते की माणूस दोन इंच उंच होतो. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगा पडून आक्रसते. म्हणून ओली असताना हजार बादल्या ओता, लोणीच होतं नुसतं. वाळू द्या, ती आपोआप पापुद्रे सोडते. मग मॅट दुमडली की ढेकळं टपाटप पडतात. धोपटणे यांना अनुमोदन.

आमच्याकडे सोपा उपाय: ड्रायव्हरच्या पायाखाली खताची रिकामी पोती. मळली की झटकायची, फाटली की दुसरी.

वडापची_शेवटची_सीट | शनिवार, रात्री १०:१५

@सातबारा, पोतं मागे टाका, ड्रायव्हरखाली टाकू नका. अकरा वर्षं गाडी चालवली आहे, प्रवासी वाहतूक, म्हणून सांगतो. पोतं सरकतं आणि क्लचखाली गोळा होतं. घाटात एकदा माझा ब्रेक अर्धाच दबला. खाली काय अडकलंय हे बघायलाही वेळ नव्हता, गिअर खाली टाकून गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. खाली उतरून बघतो तर गोणपाटाचा बोळा.

मॅट धुवून परत टाकताना तिचं भोक गाडीच्या हुकात बसलंय का ते हाताने चाचपून बघा. मॅटवर मॅट कधीच नाही. कापडी खराब होऊ नये म्हणून वर रबरी टाकणारे खूप पाहिलेत.

रसायनशाळा | शनिवार, रात्री १०:४०

वरील प्रतिसादाला हजार वेळा +१. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एका लेक्ससला अपघात होऊन चौघे गेले. डीलरने तात्पुरत्या दिलेल्या त्या गाडीत दुसऱ्या मॉडेलची रबरी मॅट नुसती टाकलेली होती आणि ॲक्सिलरेटर तिच्यात अडकला, असं तपासात पुढे आलं. त्यानंतर टोयोटाने तिथल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना ड्रायव्हरकडची मॅट काढून ठेवा असं कळवलं होतं. मॅट ही एवढी मोठी गोष्ट असू शकते.

त्याच ओघात: रबरी मॅट धुवून काळीभोर दिसावी म्हणून टायरचं पॉलिश मारू नका. बूट सटकतो. पेडलवर तर नकोच.

जुनी_मारुती | रविवार, सकाळी ७:५५

मी मारतो पॉलिश. काही होत नाही.

वडापची_शेवटची_सीट | रविवार, सकाळी ८:१०

होत नाही तोवर होत नाही, काका.

संपादक_नाही_मी | रविवार, सकाळी ८:२५

धाग्याचा काश्मीर होऊ देऊ नका. मॅट्सवर बोला.

फ्लॅट_नंबर_तीन | रविवार, सकाळी ९:००

माझा भाबडा प्रश्न. आमच्या गाडीच्या मॅटवर शोरूमचं प्लास्टिक अजून आहे. ते काढायचं असतं का?

कुंडीतली_जास्वंद | रविवार, सकाळी ९:०४

गाडी कधी घेतलीत?

फ्लॅट_नंबर_तीन | रविवार, सकाळी ९:०९

सहा वर्षं होतील पाडव्याला.

धोपटणे | रविवार, सकाळी ९:३०

काढा हो. प्लास्टिकच्या खाली ओल अडकली की बुरशी धरते. रिमोटचं प्लास्टिक ठेवा हवं तर.

ज्यांच्याकडे सेव्हन डी म्हणतात त्या चामड्यासारख्या दिसणाऱ्या, दारापर्यंत पसरलेल्या मॅट्स आहेत त्यांच्यासाठीही हेच. त्या वरून ओल्या फडक्याने पुसल्या की चकाचक होतात, म्हणून माणूस वर्षभर त्या उचलतच नाही. खाली काय चाललंय ते कळत नाही. महिन्यातून एकदा तरी पूर्ण उचला. त्या पाण्यात भिजवू नका आणि प्रेशरच्या पाण्याने कडेवर मारू नका, शिलाईतून पाणी आतल्या फोममध्ये जातं आणि थर सुटतात. शेवयांच्या गुंत्यासारखी जी नूडल मॅट असते ती मात्र मनसोक्त भिजवा, उलटी धरून आपटा, पाठीमागून पाणी मारा. तिच्यात धूळ दडते, पाणी थांबत नाही.

ओटीवरची_आजी | रविवार, सकाळी १०:४५

धुण्याचं सगळे सांगतायत, वाळवण्याचं कोणी बोलत नाही. वास धुण्यामुळे येत नाही बाळांनो, न वाळल्यामुळे येतो.

घासून झाली की मॅट पिळायची नाही, रबराला चिरा पडतात. जुनी चादर पसर, त्यावर मॅट ठेव, चादरीसकट गुंडाळी कर आणि त्या गुंडाळीवर उभी राहा. घरात नातवंडं असतील तर त्यांना नाचायला सांग. अर्धं पाणी चादर पिते. मग मॅट आडवी टाकायची नाही, उभी टांगायची. पँटच्या हँगरला चिमटे असतात त्यावर टांग. खाली फरशी ओली होईल, होऊ दे. पंखा समोर लावायचा. आडव्या मॅटचं पाणी रबरावर साचून राहतं, वरून कोरडी लागते आणि आतून आंबते.

वाळली हे कसं ओळखायचं? गालाला लावून बघ. हाताला कोरडी वाटणारी मॅट गालाला गार लागली तर अजून ओली आहे. पापड असेच बघतो आम्ही.

ऊन मिळालं तर कापडी मॅटला द्या, पण रबराची बाजू उन्हाकडे नको, वळते. आणि नुसती रबरी मॅट सावलीतच.

वॉशिंग मशीनचं कोणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगते. नको. सुनेने टाकली होती. ड्रममधून अजून रबराचे कण निघतात.

वरचा_मजला | रविवार, सकाळी ११:२०

आजी, गालाची युक्ती सोन्यासारखी आहे. आज धोपटलं. गच्चीत एक लाल ढग उठला आणि वाळत घातलेल्या एका पांढऱ्या बेडशीटवर गेला. ती कोणाची होती ते अजून कळलेलं नाही. या धाग्यावर सोसायटीतलं कोणी असेल तर मी तो नव्हेच.

वरचा_मजला | गुरुवार, रात्री ९:४०

आढावा देतो. मॅट्स झाल्या! धोपटून, घासून, लिंबूसत्त्व लावून, गालाला लावून. लाल झाक उजेडात निरखून पाहिली तरच दिसते. आगळाचा डाग दोन वेळच्या व्हिनेगरने आणि पाण्याने गेला. बुधवारी परत गाडीत टाकल्या.

पण वास आहे. काल नव्हता, आज संध्याकाळी ऑफिसातून येताना पुन्हा तेच ओलं पोतं. सोडा रात्रभर टाकला, भीमसेनी कापूर डॅशबोर्डवर ठेवला. आता कापूर घातलेलं ओलं पोतं झालंय, देवळामागच्या बोळासारखं. माझं काय चुकलं?

लिंबूटिंबू | गुरुवार, रात्री ९:५२

एअर फ्रेशनर लावा. मी तीन लावलेत.

स्पॅनर_बारा_तेरा | गुरुवार, रात्री १०:३०

पहिल्यापासून वाचत होतो, गॅरेज माझं आहे म्हणून गप्प होतो, नाहीतर लोक म्हणतात धंदा करतो. तीन प्रश्न विचारतो, उत्तरं द्या.

एक, बुधवारी टाकलेल्या पाचपैकी कोणती मॅट आता खालून ओली आहे? दोन, गावाहून येताना काचांवर वाफ धरते म्हणून एसी सलग चालू होता का? तीन, एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकतंय का?

वरचा_मजला | गुरुवार, रात्री ११:०५

आत्ता खाली जाऊन आलो. वॉचमनला वाटलं चोर आहे. पुढची डावीकडची मॅट खालून ओली, बाकी चारही कोरड्या. एसी येताना पूर्ण वेळ चालू होता. आता दहा मिनिटं चालू ठेवून बघितला, खाली एक थेंब नाही.

स्पॅनर_बारा_तेरा | गुरुवार, रात्री ११:२०

मग मॅटचा दोष नाही. एसी हवेतलं पाणी काढतो आणि ते एका बारीक नळीतून गाडीखाली सोडतो. दमट हवेत चांगलं भरभरून ठिबकायला हवं. नळी तुंबली की तेच पाणी मागे फिरून आत उतरतं, आणि आपल्याकडे उजव्या स्टिअरिंगच्या बऱ्याच गाड्यांत ते पुढे डावीकडे, शेजारच्या माणसाच्या पायाशी येतं. तुम्ही चिखलातून गाडी घातलीत, नळीचं तोंड खालून मातीने भरलं असणार. मातीची घरटी करणारे किडेही तिथे संसार थाटतात.

मॅट बाजूला करा आणि खालचं गाडीचं कार्पेट मुठीने दाबा. त्याच्याखाली जाड फेल्ट असतं. ते पाणी धरून बसतं आणि वरची मॅट तुम्ही कितीही वाळवा, ते तिला परत भिजवतं.

पाणी साधं असेल तर एसीचंच. बोटाला चिकट आणि वासाला गोडसर लागलं तर ते कूलंट आहे, मग गाडी चालवू नका, सरळ गॅरेजला फोन करा. आणि पाणी फक्त पावसात गाडी उभी असताना येत असेल तर दाराचं बीडिंग किंवा वायपरखालच्या जाळीत अडकलेली झाडाची पानं बघायची.

नळी मोकळी करायला हवा मारावी लागते, पाच मिनिटांचं काम. घरी तार घालू नका, नळी सुटून आत पडते आणि मग डॅशबोर्ड उघडायची वेळ येते.

वरचा_मजला | रविवार, दुपारी ४:१५

मंडळी, बसा. चहा घ्या.

शुक्रवारी सकाळी कार्पेट मुठीने दाबलं. पाणी असं वर आलं की जणू ओल्या पावावर हात ठेवलाय. घराजवळच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने गाडी वर घेऊन नळीत हवा मारली. आधी फुस्स आवाज, मग बोटाच्या पेराएवढा लाल मातीचा बोळा खाली पडला आणि त्यामागून पाण्याची धार. त्याने ५० रुपये घेतले. तेही मीच दिले, तो नको म्हणत होता.

मग काल घरी उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी काढून कार्पेटची कड उचलली आणि खाली दोन विटा सरकवल्या. जुने टॉवेल दाबून दाबून पाऊण बादली पाणी काढलं. वॉचमनच्या केबिनमधून वायर घेऊन टेबल फॅन रात्रभर दारातून आत लावला. आज सकाळी फेल्ट गालाला लावून पाहिलं, आजी, अजून गार आहे. उद्यापर्यंत पंखा राहील. वास मात्र नव्वद टक्के गेला.

आता गंमत. कार्पेट उचललं तेव्हा सीटच्या रुळाजवळ, अंधारात, पांढरट-पिवळे, बोटभर लांब कोंब. चांगले पंचवीस-तीस. मी दचकून मागेच सरलो, वाटलं अळ्या. मग काकूच्या पिशवीला भोक होतं ते आठवलं.

ओटीवरची_आजी | रविवार, दुपारी ४:३०

कुळीथ! गावचे असणार. शहरातल्या कुळथाला एवढे मोड येत नाहीत.

आगळवेगळा | रविवार, दुपारी ४:४२

माती आमची, पाणी तुमच्या एसीचं. अर्धं पीक आमच्याकडे पोचतं करावं.

फ्लॅट_नंबर_तीन | रविवार, संध्याकाळी ६:५०

प्लास्टिक काढलं. खालची मॅट कोरी करकरीत आहे. आता त्यावर पाय ठेवायला जीव होत नाही, म्हणून वर वर्तमानपत्र टाकलंय.